जांभळाखालचा काळा माणूस

बाजारातल्या रंगात सरस घालतात आणि सरस हाडांचा असतो, हा शोध आमच्या समाजाच्या अध्यक्षांच्या बायकोला नेमका मी भिंतीसमोर उभी राहिले त्याच दिवशी लागला. त्यांच्या स्वतःच्या घराच्या भिंती मागच्या दिवाळीला त्याच रंगानं रंगल्या होत्या आणि त्याच भिंतींना पाठ टेकून त्या रोज जप करायच्या. पण घरच्या भिंतीला कोण विचारतं! ही पडली धर्माची भिंत.

"हाडकाचा रंग देवळाच्या आवारात? माय वं!" त्या काकू म्हणाल्या. "पोरी, घरी बनव रंग. शुद्ध बनव."

झालं. मी नुकते विकत आणलेले डबे तसेच झाकणासकट परत गेले.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्याचे. आमचं गाव केनवडच्या बाजाराला जाणाऱ्यांपैकी एक, आणि त्यात आम्हा जैनांची घरं मोजकी, पण आवाज सगळ्या गावाचा मिळून नसेल इतका. बाबूजींचं कापडाचं दुकान होतं. मी थोरली, मॅट्रिक झालेली, सरकारी चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास. पुढं अमरावतीला चित्रकला शिक्षकांचा वर्ग होता, तिथं मावशीही राहायची, आणि मला तिथं जायचं होतं. तहान लागल्यावर पाणी पाहिजे तसं पाहिजे होतं. पण घरात हिंगोलीचं स्थळ येऊन बसलेलं. अध्यक्षांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, तेलाचा घाणा, आणि मुलाबद्दल विचारलं की सगळे घाण्याबद्दलच सांगायचे.

तेवढ्यात चातुर्मासाला महाराज येणार असं ठरलं, आणि देवळाशेजारच्या नव्या सभागृहाच्या कोऱ्या भिंतीवर लेश्येचं झाड काढायचं समितीनं ठरवलं. गावातला पेंटर खाटकाच्या दुकानाचीही पाटी रंगवायचा, म्हणून तो बाद. मग कोणाला तरी मी आठवले. बाबूजी संध्याकाळच्या ऐवजी दुपारीच जेवायला घरी आले आणि ताटावर बसता बसता म्हणाले, "भिंत समाजाच्या पसंतीले उतरली, त अमरावती. नाई उतरली, त हिंगोली. मंग मले काही म्हणू नको."

"लिहून द्या," मी म्हटलं.

"बापाले लिहून मागते! जेव."

लेश्येचं झाड ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. सहा भुकेली माणसं जांभळाच्या झाडाखाली येतात. पहिला म्हणतो, झाडच बुडापासून तोडू. दुसरा म्हणतो, मोठी खांदी तोडू. तिसरा लहान डहाळीवर भागवतो, चौथा घोसावर, पाचवा पिकलेल्या फळांवर, आणि सहावा म्हणतो, खाली पडलीत तीच उचलू. ज्याच्या मनात जसं, तसा त्याचा रंग, तीच त्याची लेश्या. पहिला काळा, दुसरा निळा, तिसरा कबुतरी, चौथा पिवळा, पाचवा कमळासारखा गुलाबी आणि सहावा पांढरा. आम्ही हे पाठशाळेत पोपटासारखं म्हणायचो.

आता ऐका पुढचं. हे सभागृह जिथं बांधलं, तिथं आदल्या वर्षापर्यंत देवळाचं जांभळाचं झाड होतं. चांगलं भरल्या अंगाचं. जांभळं पडून फरशी डागाळते म्हणून अध्यक्षांनी ते मुळासकट काढवलं, उभं राहून काढवलं, आणि त्या जागी सभागृह बांधलं. आणि त्याच सभागृहात, त्याच जागेवर, झाड तोडू नये हे शिकवणारं चित्र काढायचं असा ठराव अध्यक्षांनीच मांडला, समितीनं टाळ्या वाजवून मंजूर केला. एकाच्याही डोक्यात दिवा पेटला नाही. माझ्याही नाही. माझ्या डोळ्यापुढं अमरावतीची गाडी होती.

तर रंग. पांढऱ्याला चुना, लालसर खोडाला केनवडच्या बाजारातला गेरू, निळ्याला कपड्यांची नीळ. चिकटपणाला बाभळीचा डिंक, तो रात्रभर भिजवून जुन्या धोतरातून गाळायचा. इथवर काकूंची हरकत नव्हती. काळ्यासाठी काजळ धरायचं म्हटलं तर त्या दचकल्या.

"दिव्यावर किडे येऊन मरतात, कळते का तुले?"

म्हणून भर दुपारी, दारं लावून, दिव्यावर टोपलं झाकून, त्यावर पितळेची ताटली धरून मी काजळ धरलं. घामानं मीच निम्मी विरघळले. आणि काजळ पाण्यात कालवलं तर ते पाण्यावर तरंगतं, बुडायचं नाव नाही. मग कळलं की त्याला आधी डिंकात कणकेसारखं मळावं लागतं, चांगलं तिंबावं लागतं, आणि मग पाणी दाखवायचं.

ब्रशाचं तर विचारू नका. ब्रश खारीच्या केसांचा, म्हणजे तोही बाद. शिंदीची काडी दगडावर ठेचून तिचा कुंचा करता येतो. मी काडी तोडायला निघाले तर काकू दारात. "आज चौदस हाय. हिरवं तोडाचं नाई." बरं, वाळलेली घेते. वाळलेली भिजवावी लागते. भिजवायला पाणी गाळलेलं हवं. गाळलेलं पाणीही दोन घडी झाल्या की बदलायचं, त्यात जीव होतात. आणि जे पाण्याला, तेच कालवलेल्या रंगाला! म्हणजे मी मोठ्या मुश्किलीनं एक रंग जमवायचा, आणि दोन घडी झाल्या की काकू येऊन माझ्यासमोर तो ओतून द्यायच्या. परत तोच रंग जमवून दाखव, बाई. मला त्या दिवसांत इतका राग यायचा की दात आवळून आवळून जबडा दुखायचा. अहिंसेपायी माझ्या मनात जितकी हिंसा झाली तितकी आयुष्यात नंतर कधी झाली नाही.

पण त्या छळातून मी रंग जमवायला शिकले, हेही खरं. ओला रंग खोटा बोलतो. चुन्यातला रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फटफटीत होतो. म्हणून मी उन्हात तापलेल्या विटा ओळीनं मांडल्या. प्रत्येक मिश्रणाचा बोटभर पट्टा विटेवर ओढायचा, तो लगेच वाळायचा, आणि खरा रंग कळायचा. पुढच्या वेळी विटेशी ताडून पाहायचं. ताडण्यासाठी पोस्टकार्डाला एक भोक पाडलं होतं. आजूबाजूचे रंग डोळ्यांना फसवतात, भोकातून पाहिलं की एकच रंग दिसतो. कबुतरी रंग तर मी देवळाच्या शिखरावरच्या कबुतरांना पोस्टकार्डातून पाहून जमवला. चुना, काजळाची चिमूट, निळीचं बोट. येणारेजाणारे म्हणायचे, पोट्टी खुळी झाली, कार्डातून आभाळ पाह्यते.

पिवळ्यानं मात्र माझी फजिती केली. घरात हळद होती, मी हळद घेतली. लाज वाटते सांगायला. चुन्यात हळद पडली की कुंकू होतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरीला ठाऊक असतं, आणि मी दोन परीक्षा पास झालेली बाई चुन्याच्या भिंतीवर हळदीचा माणूस रंगवते! बघता बघता चौथा माणूस लालभडक झाला. काकू इतक्या हसल्या की त्यांचा डोक्यावरचा पदर खाली आला.

"याले काय झालं वं? लाजला का?"

मी तो पुसून पिवळ्या मातीनं, रामरजनं, परत रंगवला. आणि उरलेल्या लालात चुना वाढवत वाढवत पाचव्याचा गुलाबी करून घेतला. वाया काही घालवलं नाही, कापडवाल्याची लेक आहे मी.

भिंतीवर सरळ रेघा मारायला सूत निळीत बुडवून दोन टोकांना ताणायचं आणि मधून ओढून सोडायचं, फट् करून रेघ उमटते. हात टेकायला वेळूची काठी, टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेली, म्हणजे ओल्या रंगाला हात लागत नाही. अशी सगळी घरगुती जुळवाजुळव करून झाड उभं राहिलं. सहाही माणसांना मी मुद्दाम एकच चेहरा दिला. एकच नाक, एकच धोतर, पोट कोणालाच नाही. मला गाव माहीत होतं. कोणाची म्हणून मिशी काढली नाही.

चित्र झालं तसं समितीचे लोक एकेक करून येऊ लागले. येताना समितीचे म्हणून यायचे, पण बोलायचे हळू आवाजात, इकडेतिकडे पाहून. खजिनदार पहिले. पांढऱ्या माणसापाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "याले चष्मा शोभून दिसंन, नाई का?" खजिनदारांना चष्मा होता. दुसऱ्या दिवशी दुसरे आले, त्यांना तोच पांढरा माणूस जरा उंच हवा होता. तिसऱ्यांनी त्याच्या गळ्यात सोन्याची साखळी सुचवली, त्यांच्या गळ्यात होती तशीच. सगळ्यांना तो जमिनीवरची जांभळं वेचणारा व्हायचं होतं. जन्मभर ज्यांनी वाकून पडलेली काडी उचलली नाही, ती माणसं! मी सगळ्यांना हो म्हटलं आणि कोणाचंच केलं नाही.

मग बायकांचा दिवस आला. पूजा झाल्यावर साऱ्या जणी सभागृहात शिरल्या, आणि कोणीतरी, कोणी ते आजही माहीत नाही, पहिल्या माणसाकडे पाहून खुदकन हसलं. काळा माणूस, हातात कुऱ्हाड, जांभळाच्या बुडावर घाव घालतोय. हसू एकीकडून दुसरीकडे गेलं. पदर तोंडात गेले. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की अध्यक्ष रंगानं काळेसावळे आहेत, आणि आपण उभे आहोत तिथं जांभूळ होतं. गेली अमरावती!

एकट्या काकू हसल्या नाहीत. त्या घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आले. तो दिवस नेमका महाराजांच्या पहिल्या प्रवचनाचा. बाबूजींना त्यांनी दुकानातून बोलावून आणलेलं.

"हा कोन हाय?" अध्यक्षांनी बोट रोखलं.

"कृष्ण लेश्या, काकाजी. पुस्तकातला," मी म्हटलं.

"पुस्तकातला त माह्यावानी कायले दिसते?"

खाई त्याला खवखवे! सहाही माणसांचं तोंड एकच होतं. त्यांनी खजिनदारांसारखं पांढऱ्यात स्वतःला पाहिलं असतं तर कोण अडवत होतं? पण चोराच्या मनात चांदणं. बाबूजी टोपी नीट करत राहिले.

"पांढरा कर याले," अध्यक्ष म्हणाले. "आताच्या आता."

"पांढरा केल्यावर तो झाड कसा तोडीन, काकाजी? अर्थच जाते."

"अर्थ महाराज सांगतीन. तू चुना लाव. अन् भाऊ, तुमी समजावा पोरीले. तिचं काय ते अमरावतीचं मी आइकलं हाय."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे मान केली. मला रडूच आलं, पण अमरावती त्या चुन्याच्या बादलीत होती, म्हणून मी बादली घेतली. तरी बजावून सांगितलं, की खाली काजळ आहे, चुन्याचा एक हात पुरत नाही, एक वाळल्यावर दुसरा, तो वाळल्यावर तिसरा, आणि आषाढातली ओल आहे. ओला चुना काचेसारखा असतो, खालचं सगळं दाखवतो.

"लाव, लाव," अध्यक्ष म्हणाले.

लावला. आणि झालं उलटंच. कोरडा असताना तो माणूस निदान नुसता काळा होता, आता ओल्या चुन्याखाली चकचकीत काळा दिसू लागला, नुकता न्हाऊन आल्यासारखा. प्रवचन तर दुपारचं. अध्यक्षांना घाम फुटला. कुठूनसा त्यांनी शिंदोळीचा पंखा पैदा केला आणि स्वतःच त्या काळ्या माणसाला वारा घालू लागले. एक काळा माणूस दुसऱ्या काळ्या माणसाला वारा घालतोय, आणि बाबूजी भिंतीकडे तोंड करून खोकतायत. ते खोकत नव्हते, मला चांगलं माहीत आहे.

तेवढ्यात काकू आल्या. "अवो, हे काय करून राह्यले? वाऱ्याचे जीव मरतात ना!" आणि त्यांनी नवऱ्याच्या हातातून पंखा काढून घेतला. धर्म म्हणजे धर्म. त्या क्षणी मला काकूंबद्दल पहिल्यांदा आणि शेवटचं प्रेम वाटलं.

दुपारी सभागृह भरलं. महाराज पाटावर बसले, शांत माणूस, बाहेरगावचे. त्यांना ना आमचं जांभूळ माहीत, ना आमचे अध्यक्ष. ते भिंतीकडे वळले आणि सहा माणसांची गोष्ट सांगू लागले. पहिल्या माणसापाशी आले आणि थांबले. त्याच्या बोटांवरून चुन्याचा ओघळ खाली आला होता.

"हा ओला का आहे? आणि याला चुना कोणी लावला?"

खजिनदार चष्मा पुसू लागले. मग सगळ्यांच्या माना वळल्या आणि मला उभं राहावं लागलं. बाबूजी पुरुषांच्या बाजूला बसले होते, त्यांनी डोळे मिटले होते. एका शब्दाचं काम होतं. चूक झाली, दुरुस्त करत होते, असं म्हटलं असतं तर अमरावती पक्की होती. पण महाराज असे सरळ पाहत होते, आणि दर दोन घडीला माझा रंग ओतून देणाऱ्या साऱ्या जगाचा इतका संताप साचला होता, की तोंडून निघूनच गेलं.

"मी लावला, महाराज. अध्यक्षकाकांनी लावायले सांगतला. ते म्हणाले, हा माझ्यावानी दिसते."

मग मागून बायकांतून एक हुंदक्यासारखा आवाज आला, तो हुंदका नव्हता, आणि मग सगळं सभागृह फुटलं. माणसं, पोरं, मुनीम, सगळे. महाराज मात्र हसले नाहीत. त्यांनी अध्यक्षांकडे बराच वेळ पाहिलं, आणि दुसऱ्या माणसाची गोष्ट सुरू केली.

मी घरी येऊन उपाशी झोपले. हिंगोली, घाणा, तेलकट पायऱ्या, सगळं डोळ्यांसमोर आलं. आईनं समजूत काढली नाही, उलट म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. बरोबरच होतं.

त्या चातुर्मासात तो माणूस गावाचं पंचांग झाला. ऊन पडलं की चुना वाळून तो जरा गोरा व्हायचा, आभाळ भरून ओल धरली की परत काळा. प्रवचनाला येणारा जो तो आधी भिंतीकडे बघायचा. "आज काकाजी कसे हायत?" "काळेच हायत बाप्पा, छत्री ने." अध्यक्ष शेवटच्या रांगेत, खांबाआड बसू लागले.

आणि मग हिंगोलीहून निरोप आला. अध्यक्षांच्या बहिणीनं कळवलं होतं, की भर सभेत मामाची अब्रू घेणारी सून आम्हाला नको. ती बातमी एका दिवसात रिसोडला गेली, वाशीमला गेली, कारंज्याला गेली. आणखी एक स्थळ येऊ घातलं होतं, तेही वाटेतून परतलं. दुकानात बसून बाबूजी येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं सांगायचे, "पोट्टीनं तोंड काळं केलं आमचं. घरात ठिवनार नाई मी तिले. धाडून देतो अमरावतीले, मावशीच्या हाताखाली. राह्य म्हनाव तिथंच!" समाजानं माना हलवल्या. अशी पोर गावात ठेवूच नये, असंच सगळ्यांचं मत पडलं. अध्यक्ष तर म्हणाले, लवकर धाडा.

निघायच्या दिवशी निम्मा समाज एसटी स्टँडवर आला होता, हाकलून देताना पाहायला. मी नीट रडत होते. तेवढं शहाणपण एव्हाना आलं होतं. बाबूजी माझ्यावर ओरडत होते, "जा! अन् नाव काढू नको घराचं!" गाडी आली, खच्चून भरलेली, दाराशी झोंबाझोंबी. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू लागले. बाबूजींजवळ रुमाल नव्हता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि उडी मारून ती खिडकीतल्या जागेवर टाकली. बाबूजींना बाहेर उघड्या डोक्यानं मी तोवर कधीच पाहिलं नव्हतं, गावानंही नसेल. तसे ते उघड्या टकलावर ऊन घेत, सगळ्यांसमोर, मला शिव्या देत उभे राहिले, गाडी सुटेपर्यंत.

गाव मागं पडल्यावर मी खाली पाहिलं. टोपी माझ्याच मांडीवर होती.